चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या शिव्या

"तुझ्या त्या लिनक्सने वाट लावली माझ्या लॅपटॉपची!"

रविवारी सकाळी साडेदहाला दार उघडल्या उघडल्या हे वाक्य कानावर आदळलं. दारात सांगलीकर. (नाव सांगत नाही, लिक्सलिपमधली मराठी मंडळी त्याला सांगलीकरच म्हणतात.) एका काखेत लॅपटॉप, दुसऱ्या हातात वहिनींनी दिलेला चकल्यांचा डबा. म्हणजे भांडण फार टोकाला जाणार नाही याची तजवीज घरूनच झालेली.

लॅपटॉप सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या आणि मध्येच, एका अर्ध्या ओळीवर, सगळं थांबलं. कर्सर नाही, माऊस नाही, काही नाही. सांगलीकराने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याच्या मशीनचा गळा दाबलाय. मग तो वाक्य बोलला, जे मी गेली वीस-पंचवीस वर्षं पुण्यात, डब्लिनमध्ये, ट्रेनमध्ये, लग्नात, सगळीकडे ऐकत आलोय: "लिनक्सवर हार्डवेअर चालत नाही, हे तुम्ही लोक मान्य का करत नाही?"

मंडळी, मी मान्य करत नाही. का करत नाही ते सांगायलाच हा लेख. ज्यांना काँप्युटरमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही वाचावा, कारण मुद्दा काँप्युटरपुरता नाही. एखादी गोष्ट बिघडली की आपण शिव्या कुणाला घालतो, आणि तो पत्ता कुणी ठरवून दिलेला असतो, हा मुद्दा आहे.

आधी त्या लॅपटॉपचं बघू. "हँग झाला" हे आपलं एक ठेवणीतलं वाक्य आहे. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणावं तसं. डॉक्टर विचारतो ना, ताप आहे का, पोट दुखतंय का? तसं इथेही विचारावं लागतं. पहिली तपासणी अगदी फुकट: कॅप्स लॉक दाबा. बटणाबरोबर दिवा लागतोय-विझतोय, म्हणजे कर्नल जिवंत आहे, त्याला कीबोर्ड ऐकू येतोय, फक्त तोंड मिटलंय. दिवा आपला आपणच लुकलुकायला लागला, तर बहुधा कर्नलने राम म्हटला. काहीच होत नसेल तर मामला खोल आहे. सांगलीकराचा दिवा शहाण्यासारखा लागत-विझत होता.

दुसरी तपासणी: दुसऱ्या मशीनवरून हाक मारून बघायची. नेटवर्कची वायर लावली, माझ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरलो, आणि काय! आत सगळं संसार थाटात चालू. घड्याळ चालतंय, डिस्क चालतेय, सगळ्या सेवा आपापल्या जागी. हँग झाला होता तो फक्त पडदा. मग डीमेसग पाहिलं, म्हणजे कर्नलची रोजनिशी. तिथे स्वच्छ शब्दांत लिहिलेलं: ग्राफिक्सच्या चिपसाठी लागणारी फर्मवेअरची फाइल सापडली नाही. ड्रायव्हरने पडद्याचा ताबा घेतला, फाइल मिळाली नाही, आणि जुना पडदा गेला, नवा आलाच नाही. नाटकात दोन अंकांच्या मध्ये दिवे जावेत तसं. वायफाय का चालत नव्हतं त्याचंही कारण खालच्याच ओळीत, तेच: फाइल नाही.

ती फाइल आणून टाकली, मशीन परत सुरू केलं, चाळीस मिनिटांत काम तमाम. त्यात एक चहा आणि निम्म्या चकल्या.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर यात एक गुन्हेगार मी होतो. इन्स्टॉल करायला जो पेनड्राइव्ह मी त्याला दिला तो २०२१ चा, डेबियन ११ चा. तेव्हा डेबियन आपल्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये असल्या बंदिस्त फर्मवेअर फाइली ठेवत नसे. ज्याचा सोर्स कुणी बघू शकत नाही ते आम्ही वाटणार नाही, हे त्यांचं तत्त्व. २०२२ मध्ये त्यांनी या प्रश्नावर चक्क मतदान घेतलं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून या फाइली इन्स्टॉलरमध्येच मिळू लागल्या. मी नवा पेनड्राइव्ह करायचा आळस केला. त्यामुळे सांगलीकराच्या शिव्यांपैकी एक तृतीयांश मी सही करून घेतल्या.

पण उरलेल्या दोन तृतीयांशांचं काय? ती फाइल मुळात वेगळी आणावी का लागते? कारण चिप विकणाऱ्याने ती चिप आतून कशी चालते हे सांगितलेलं नाही. पैसे सांगलीकराने मोजले, चिप त्याच्या मांडीवर, वीजबिल तो भरतो, आणि चिपशी बोलायची भाषा मात्र कंपनीच्या कपाटात कुलूपबंद. बाहेरचा माणूस ड्रायव्हर लिहिणार कसा? आणि त्याला लिहिता आला नाही की आपण म्हणायचं, लिनक्सला हार्डवेअर सपोर्ट नाही!

हा "सपोर्ट" शब्द फार लबाड आहे हो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो, आणि प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा. त्याआधीची असंख्य मशीनं, चांगली धडधाकट, अधिकृतपणे बाद. त्या वेळी तुमच्या ओळखीतलं कुणी म्हणालं का की "विंडोजला हार्डवेअर सपोर्ट नाही"? माझ्या ओळखीतलं एकही माणूस म्हणालं नाही. सगळे म्हणाले, "मशीन जुनं झालं." म्हणजे बघा, एकाने धडधाकट मशीन नाकारलं तर दोष मशीनचा, आणि दुसऱ्याला त्याच मशीनची माहितीच नाकारली गेली तर दोष दुसऱ्याचा. हा कुठला न्याय? सासूने तवा फोडला तर तवा कच्चा होता, सुनेने फोडला तर सून धसमुसळी!

हे आजचं दुखणं नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर होता. त्यात कागद अडके. रिचर्ड स्टॉलमनला त्यात एवढीच सोय करायची होती की कागद अडकला की ज्याचं काम थांबलंय त्याच्या टर्मिनलवर निरोप जावा. आधीच्या प्रिंटरला त्याने अशी सोय केलेलीही होती. या वेळी सोर्स मिळाला नाही. ज्या संशोधकाकडे तो होता त्याने न सांगण्याच्या करारावर सही केली होती. १९८३ मध्ये स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे अडकलेल्या कागदाचा हा राग आहे. हँग झालेल्या यंत्राचं कारण विचारलं आणि उत्तर मिळालं "सांगणार नाही", तिथून ही सगळी चळवळ सुरू झाली.

पुढची यादी बघा. २००५ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांनी अडाप्टेकच्या रेड कंट्रोलरची कागदपत्रं मागून मागून शेवटी त्याचा ड्रायव्हरच आपल्या सिस्टिममधून काढला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लोकांचा डेटा ज्यावर ठेवायचा ते आतून कसं आहे हे माहीत नसताना "चालतं" म्हणणं ही फसवणूक आहे. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांसाठी तर काही लोकांनी वेगळाच द्राविडी प्राणायाम केला. एका गटाने बंद ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचं टिपण लिहायचं, दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर न बघता फक्त टिपण वाचून नवा लिहायचा, म्हणजे कॉपीचा आरोप नको. तो ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्स २.६.१७ मध्ये आला. कंपनीने स्वतः खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. जी माहिती कंपनीच्या एका फायलीत होती ती अंधारात चाचपडून मिळवण्यात माणसांची वर्षं गेली. त्या वर्षांत जगभर किती सांगलीकरांनी लिनक्सच्या नावाने बोटं मोडली असतील!

उलटं उदाहरणही आहे, तेही सांगायला हवं. एएमडीने एटीआय विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ पासून ग्राफिक्स चिपची कागदपत्रं उघडायला सुरुवात केली. कंपनी बुडाली नाही, आकाश कोसळलं नाही. त्यांच्या चिपचा लिनक्सवरचा खुला ड्रायव्हर आज कर्नलचाच भाग आहे. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्सने एनव्हिडियाला उद्देशून जी बोटाची खूण केली ती तुम्ही पाहिली असेलच. मे २०२२ मध्ये त्याच एनव्हिडियाने कर्नलमधला आपला भाग खुला केला. म्हणजे "हे शक्यच नाही, व्यापारी गुपित आहे" हे दहा वर्षं सांगितलं जात होतं, ते शक्य होतं.

इथे कुणीतरी म्हणणार, "अरे पण चुका सॉफ्टवेअरच्याच असतात. चिप कधी चुकते का?" चुकते. आणि हे मी ज्या गावात बसून लिहितोय तिथे तर सांगायलाच हवं.

लिक्सलिप म्हणजे डब्लिनच्या पश्चिमेला, किल्डेअर काउंटीत, लिफी नदीकाठचं गाव. आर्थर गिनेसने १७५५ मध्ये बिअर गाळायला सुरुवात केली ती या गावात, डब्लिनचा कारखाना चार वर्षांनी. पण आजचं गाव ओळखलं जातं ते इंटेलसाठी. १९८९ मध्ये कंपनी इथे आली, २०२३ मध्ये फॅब ३४ सुरू झाली. मी तिथे कामाला नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे बाजू घेतली किंवा डूख धरला असं कुणी म्हणायला नको. तर २०१३ मध्ये याच लिक्सलिपमध्ये डिझाइन झालेली क्वार्क एक्स१००० नावाची छोटीशी चिप आली, ४०० मेगाहर्ट्झची, जुन्या पेंटियमच्या भाषेत बोलणारी, आणि ती बसवलेला गॅलिलिओ नावाचा बोर्ड. अर्डुइनोशी जुळणारा, आत लिनक्स चालणारा. १००० विद्यापीठांना ५०,००० बोर्ड देऊ असं कंपनीने जाहीर केलं होतं. गंमत म्हणजे पहिल्या गॅलिलिओला सिरियल कन्सोल जोडायचं भोक होतं ते हेडफोनचं! साडेतीन मिलिमीटरचं. किती पोरांनी त्यात इयरफोन खुपसून बघितले असतील देव जाणे.

तर या चिपमध्ये एक चूक निघाली. पेंटियम घराण्याच्या भाषेत सूचनेच्या आधी "लॉक" असा एक उपसर्ग लावता येतो. अर्थ असा की माझं काम पुरं होईपर्यंत मेमरीच्या या खणाला दुसऱ्या प्रोसेसरने हात लावायचा नाही. क्वार्कमध्ये हा उपसर्ग विशिष्ट वेळी आला की चालता प्रोग्रॅम धाडकन मरे. डेबियनचे तयार प्रोग्रॅम त्यावर चढवणाऱ्यांना हे भोगावं लागलं. वरून बघणाऱ्याला काय दिसणार? लिनक्स क्रॅश झालं. लिनक्सचा दोष काडीचा नाही! उपाय सॉफ्टवेअरवाल्यांनी केला. प्रोसेसर एकटाच आहे, मग कुलूप कुणासाठी लावायचं? लॉक गाळूनच टाका. ग्नूच्या असेंब्लरमध्ये त्यासाठी खास पर्याय आला, आणि त्याच्या माहितीत लिहिलंय की लॉक उपसर्गावर अडखळणाऱ्या प्रोसेसरांसाठी ही पळवाट आहे. प्रोसेसरचं नाव मात्र लिहिलेलं नाही. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसं.

आणि क्वार्क एकटी नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये पेंटियममधला एफ००एफ नावाचा दोष उजेडात आला. त्यातही लॉकच! चार बाइटची एक अवैध सूचना, कुणीही साध्या वापरकर्त्याने चालवली की अख्खं मशीन ठार गोठायचं, मग वर विंडोज असो, लिनक्स असो. लिनक्सवाल्यांनी काही दिवसांत त्याला वळसा घालणारा उपाय आणला. त्याआधी १९९४ चा भागाकाराचा दोष तर गाजलाच होता. थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या अविभाज्य संख्यांची आकडेमोड करत होते, उत्तर चुकायला लागलं, त्यांनी एकेक शक्यता बाद करत शेवटी प्रोसेसरवर बोट ठेवलं. कंपनी आधी म्हणाली, ज्यांना खरी गरज असेल त्यांना बदलून देऊ. डिसेंबर १९९४ मध्ये गपगुमान सगळ्यांना बदलून देण्याचं कबूल केलं, आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

यात मला इंटेलला झोडपायचं नाही. उलट आपल्या चिपमधल्या ज्ञात दोषांची यादी कंपन्या छापतात, त्यामुळेच वळसे घालता येतात, ही चांगली रीत आहे. माझं म्हणणं एवढंच: दोष सगळ्यांत असतात. जाहीर केलेल्या दोषाला उपाय सापडतो. लपवलेल्या माहितीपायी मात्र निरपराध माणूस बदनाम होतो.

आता तुम्ही म्हणाल, एका लॅपटॉपवरून केवढं रामायण! तर जे मला खरं लागून राहिलंय ते सांगतो.

२०१८ मध्ये आम्ही दहावीच्या बॅचच्या मित्रांनी वर्गणी काढून सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेला बारा जुने काँप्युटर घेऊन दिले. लिनक्स मी टाकलं, मोठ्या उत्साहाने, मराठी कीबोर्डसकट. सहा महिन्यांत फोन: मशीनं हँग होतायत. मी इथून काय करणार? म्हणालो, रीस्टार्ट करा. (हो, मीच म्हणालो.) मग तालुक्याहून एक दुरुस्तीवाला आला, त्याने मान हलवली, "लिनक्स आहे ना, होणारच." पैसे घेऊन सहा मशीनांवर कुठलीशी चोरटी विंडोज टाकून गेला. तीही हँग व्हायला लागली तेव्हा निदान झालं की मशीनंच टाकाऊ. खोलीला कुलूप.

डिसेंबर २०१९ मध्ये मी गेलो तेव्हा सर मला ती खोली दाखवत होते. धुळीचा वास, वर प्लॅस्टिकचे कागद. तेवढ्यात नववीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली, हातात दोनशेपानी वही. "सर, मी लिहून ठेवलंय." कोणतं मशीन कधी हँग झालं, काय वार, किती वाजता, पडद्यावर शेवटची ओळ कोणती. इंग्रजी ओळ जशी दिसली तशी चित्रासारखी उतरवलेली. सात महिन्यांची पानं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

मी ती वही घेऊन पायरीवर बसलो. अर्ध्या तासात दिसलं की शेवटच्या ओळी दर वेळी वेगळ्या आहेत, म्हणजे एकाच प्रोग्रॅमचा दोष नाही. आणि हँग होण्याचे आठवडे एकाआड एक येतायत. मी विचारलं, "या आठवड्यांत वेगळं काय असतं?" ती म्हणाली, "तेव्हा शेतीची लाईट दिवसा असते." ज्या आठवड्यात मोटरी दिवसा चालतात त्या आठवड्यात मशीनं हँग. शाळेची आणि शेजारच्या मळ्याची डीपी एकच. मोटर सुरू झाली की दाब खाली, आणि मशीनांचे पॉवर सप्लाय आधीच म्हातारे. नंतर मेमटेस्ट चालवली तर दोन मशीनांत रॅमही खराब निघाली. स्टॅबिलायझर बसवले, पॉवर सप्लाय बदलले, बारापैकी नऊ मशीनं धावायला लागली. ना लिनक्सचा दोष, ना विंडोजचा.

पण मधलं दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात दहावी होऊन गेलेल्या पोरांना ती खोली उघडी मिळाली नाही. कारण एक माणूस "लिनक्स आहे ना" म्हणाला, आणि मी, स्वतःला इंजिनिअर म्हणवणारा, "रीस्टार्ट करा" म्हणालो. खरं इंजिनिअरिंग नववीतल्या पोरीने केलं होतं. तिच्याकडे एसएसएच नव्हतं, डीमेसग नव्हतं, पेन आणि वही होती. त्या दिवसापासून "हार्डवेअर चालत नाही" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं, आणि त्यातला थोडा राग माझ्यावरचाच असतो.

आता विरुद्ध बाजू, कारण आमच्या पंथातही साधू कमीच. एक, लिनक्सवाल्यांची मग्रुरी. नवख्याने प्रश्न विचारला की "आधी मॅन्युअल वाच" असं तोंडावर फेकणारे लोक मी पाहिलेत, आणि तरुणपणी थोडा तसा होतोही. विसरलो होतो की पुण्यात पहिल्या नोकरीत युनिक्सच्या टर्मिनलवर फाइल सेव्ह करायला मी कंट्रोल-एस दाबलं होतं आणि "हँग झाला" म्हणून तीनदा टर्मिनल बंद-चालू केलं होतं. कंट्रोल-एस म्हणजे तिथे "थांब, दाखवू नकोस", टेलिप्रिंटरच्या जमान्यातली खूण. आमच्या सीनियर बाईंनी मागून हात घालून कंट्रोल-क्यू दाबलं आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. मॅन्युअल वाच म्हणाल्या असत्या तर मी बहुधा नोकरीच सोडली असती.

दोन, निरोप द्यायची पद्धत. कर्नल कोसळला आणि समोर ग्राफिक्सचा पडदा असला, तर कारण सांगणारा मजकूर दिसायचाच नाही, नुसतं गोठलेलं चित्र. पडद्यावर नीट निरोप दाखवायची सोय २०२४ मध्ये, ६.१० या कर्नलपासून आली, आणि त्याच वर्षी ६.१२ मध्ये क्यूआर कोडची. इतकी वर्षं का लागली? विंडोजच्या निळ्या पडद्याला हसत बसलो, आमच्याकडे निळाही नव्हता. तीन, भाषा. कर्नलच्या कन्सोलमध्ये जास्तीत जास्त ५१२ अक्षरचित्रं मावतात आणि अक्षरं जोडायची सोय नाही, म्हणजे आपली काना-मात्रा, जोडाक्षरं तिथे उमटतच नाहीत. मशीन मरताना जे काही बोलतं ते त्या मुलीला चित्रासारखं उतरवून घ्यावं लागतं. ही लाज आमची आहे.

पण "सामान्य माणसाला हे कशाला कळायला हवं, त्याला फक्त चालायला हवं" हे मात्र मला मान्य नाही. सामान्य माणूस डॉक्टर नसतो, तरी औषधाच्या पाकिटावर घटक छापलेले असावेत असं त्याला वाटतं. तो स्वतः वाचत नसेल, वाचणारा दुसरा कुणी तरी आहे यावर त्याचा जीव अवलंबून असतो. चिपची कागदपत्रं सांगलीकराने वाचावीत असं मी म्हणतच नाही. ती वाचू शकणाऱ्याला वाचायला मिळावीत, एवढंच.

लिक्सलिप हे नाव नॉर्स लोकांचं, अर्थ "सामन माशाची उडी". इथे लिफीवर एक धबधबा होता, समुद्रातून परतणारे सामन त्यावरून उड्या मारत वर जायचे. १९४० च्या दशकात विजेसाठी धरण बांधायला घेतलं, धबधबा पाण्याखाली गेला. पण धरण बांधणाऱ्यांनी त्यात माशांना वर चढायची वाट ठेवली. कुणी असं म्हटलं नाही की माशांना धरणाचा सपोर्ट नाही. ज्याने प्रवाह अडवला, वाट ठेवणं त्याचं काम. मी संध्याकाळी फिरायला त्या बाजूला जातो तेव्हा हे हमखास डोक्यात येतं.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी मशीन अडकलं तर इतकं करा. बटण दाबून ठेवायच्या आधी कॅप्स लॉक बघा. मग ऑल्ट आणि सिस-रिक्वेस्ट (म्हणजे बहुधा प्रिंटस्क्रीन) धरून आर, ई, आय, एस, यू, बी सावकाश दाबा. काही ठिकाणी ही सोय अर्धवट बंद ठेवलेली असते, पण चालली तर डिस्क नीट मिटून मशीन सुरू होईल. मग जर्नलसीटीएलला मागच्या बूटची नोंद विचारा, शेवटच्या वीस ओळी वाचा, न कळल्या तरी जपून ठेवा. ज्याला कळतात त्याला तारीख-वेळेसकट पाठवा. नवं मशीन घेताना दुकानदाराला विचारा, याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का? त्याला माहीत नसेल. दहा जणांनी विचारलं तर तो माहीत करून घेईल. आणि शिव्या घालायच्याच असतील तर जरूर घाला, फक्त आधी पत्ता तपासा.

सांगलीकराचा लॅपटॉप आता मुकाट चालतोय. परवा त्याचा फोन आला, "अरे, हा परत अडकला." मी श्वास रोखून विचारलं, शेवटची ओळ काय आहे? तिकडे कागद फडफडल्याचा आवाज. पठ्ठ्याने लिहून घेतली होती.